सहारला उतरल्यावर

सहलीच्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात 'एअरपोर्ट ट्रान्सफर' असा एक शब्द असतो. आमच्या घरात ट्रान्सफर म्हणजे बदली. बाबा सरकारी नोकरीत, त्यामुळे 'ट्रान्सफर आली' म्हटलं की आई आधी कपबश्या गुंडाळायला वर्तमानपत्रं शोधायची. तेव्हा विमानातून उतरून शहरात किंवा घरी पोचण्याला ट्रान्सफर का म्हणायचं हे माझ्या डोक्यात शिरायला बराच वेळ लागला. अर्थात शब्द तसा बरोबरच आहे म्हणा. माणसाची एका हातातून दुसऱ्या हातात सोपवणूक, आणि प्रश्न दोन्हीकडे एकच : पुढच्या ठिकाणी आपली जबाबदारी कोणाची?

विमानांचा इतिहास पुष्कळांनी लिहिलाय. पण विमान टेकल्यापासून घराच्या कडीपर्यंतचा जो तुकडा असतो त्याचा इतिहास कोणी फारसा सांगत नाही. खरं तर आपल्याकडे त्या तुकड्याचीच धास्ती जास्त. अमेरिकेहून येणाऱ्या माणसाला आपण 'विमान बरं होतं का' हे नंतर विचारतो, आधी विचारतो 'घ्यायला कोण येणार आहे?' म्हणून आज त्या तुकड्याबद्दल. उदाहरण अर्थात मुंबईचं, कारण मला तेच माहिती आहे.

सुरुवात जुहूपासून. १९२८ साली तिथे धावपट्टी झाली, आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन, वाटेत अहमदाबादला थांबून, एका छोट्या पस मॉथ विमानातून दुपारी जुहूला उतरले. अहमदाबादला त्या विमानाचं पेट्रोल डब्यांतून, बैलगाडीवर लादून आणलं होतं म्हणतात. मला या सगळ्या गोष्टीत तीच बैलगाडी सगळ्यात जास्त आवडते. आकाशातलं काम तासाभराचं आणि जमिनीवरचं बैलाच्या चालीचं, हे नातं तिथपासून आजपर्यंत फारसं बदललेलं नाही :)

जुहूची धावपट्टी पावसाळ्यात चिखलात जायची. म्हणून टाटांची ही सगळी कंपनी (म्हणजे मूठभर वैमानिक, मेकॅनिक आणि दोन-तीन विमानं) पावसाळ्यात चक्क पुण्याला मुक्काम हलवायची. म्हणजे मुंबईचं विमान आणि पुण्याची माणसं यांचं नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे. पुढच्या सगळ्या कहाणीत पुणं वारंवार येणार आहे, तर पुणेकरांचा अभिमान म्हणून हसू नका, त्याला इतिहासाचा आधार आहे.

त्या काळात विमानातून येणारा माणूस मुळात एखादा, तोही टपालाच्या पिशव्यांशेजारी अंग चोरून बसलेला. त्याला न्यायला कोणाची तरी मोटार असायचीच. ज्याच्याकडे मोटार नाही असा माणूस विमानात कशाला बसेल? विमानतळाहून गाडी ठरवणं हा प्रश्न जन्माला यायला विमानात आपल्यासारखी माणसं बसू लागावी लागली.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सांताक्रूझचा तळ मोठा झाला आणि युद्धानंतर मुलकी विमानं जुहूहून तिकडे गेली. ८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. ३५ प्रवासी होते. हे विमानतळ शहरात नव्हतं, हे आज सांगावं लागतं. आज सांताक्रूझ-अंधेरी म्हणजे मुंबईचं पोट. तेव्हा मुंबई माहीमला संपायची. साहेबाचं हॉटेल, कचेरी, बँक सगळं फोर्टात, म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटर दक्षिणेला.

आणि मधे माहीमची खाडी. तिच्यावरचा रस्ता म्हणजे माहीम कॉजवे, १८४० च्या दशकातला. सरकार पैसे द्यायला तयार नव्हतं, तेव्हा लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दीड लाखाच्या वर रुपये दिले आणि अट घातली, की या रस्त्यावर जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. विमान नावाची वस्तू जन्माला येण्याच्या साठ वर्षं आधी एका बाईंनी विमानतळावरून शहरात येण्याचा रस्ता फुकट करून ठेवला होता! शेजारून जाणारा वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ साली सुरू झाला, त्यावर टोल आहे. टॅक्सीवाला वांद्र्याला येऊन मागे वळून विचारतो, 'सी-लिंक से लूँ या माहीम से?', तेव्हा तो नकळत आवाबाईंबद्दल विचारत असतो. मी नेहमी माहीम म्हणते. आवाबाईंच्या आदराने म्हणते असं सांगायला आवडलं असतं.

विमानात बसणारी माणसं वाढली तशी सुरुवातीला विमान कंपन्यांनी स्वतःच्या बसगाड्या ठेवल्या. शहरातल्या कचेरीपाशी जमायचं, कंपनीची बस विमानतळावर सोडणार, उतरल्यावर उलटं. नरीमन पॉइंटला एअर इंडियाची ती प्रसिद्ध इमारत झाल्यावर तिथूनही अशा बसगाड्या सुटत. म्हणजे तिकीट काढलं की तुम्ही शहरापासून शहरापर्यंत कंपनीचे पाहुणे. त्याच सुमारास विमानं मोठी झाली, १९७१ मध्ये एअर इंडियाचं पहिलं जंबो जेट आलं, एकाच वेळी तीन-साडेतीनशे माणसं उतरायला लागली. एवढ्यांना कुठली बस पुरणार? मग 'आमची जबाबदारी विमानाच्या दारापर्यंत' असं हळूहळू झालं. कोणी तसा ठराव केला नाही, घडत गेलं. दाराबाहेर जे होतं ते म्हणजे काळी-पिवळी.

काळ्या-पिवळीबद्दल लिहायचं तर वालचंद हिराचंद यांच्याबद्दल लिहावं लागतं. सोलापूरचा हा माणूस. जहाजांची कंपनी काढली ती सिंदिया. १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना काढला, तीच पुढची हिंदुस्थान एअरोनॉटिक्स. आणि १९४४ मध्ये मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या निघू लागल्या. १९६४ ची फियाट ११०० डिलाइट, मग प्रीमियर प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. गाडी तीच, नाव मात्र राणीचं. लोकांनी शेवटपर्यंत तिला फियाटच म्हटलं. विमान आणि विमानतळावरची टॅक्सी या दोन्ही गोष्टींचे कारखाने एकाच सोलापूरकराने काढावेत, याची आठवण आपण पुरेशी ठेवलेली नाही असं माझं मत आहे. कलकत्त्याला अँबॅसिडर, मुंबईला फियाट. एके काळी मुंबईत साठ हजारांच्या घरात टॅक्सी होत्या आणि बहुतेक सगळ्या फियाट.

परदेशातून पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला या टॅक्सीचं मीटर म्हणजे कोडंच. बाहेर, डाव्या बाजूला, बॉनेटजवळ लोखंडी पेटी. ड्रायव्हरने हात बाहेर काढून ती खाली पाडली की टिंग वाजायचं. पण पेटीवर दिसणारे आकडे खरे नसत. भाडेवाढ झाली की हजारो मीटर बदलणार कोण? म्हणून आकडा जुनाच, आणि सोबत एक छापील तक्ता. २००० नंतरच्या दशकात टॅक्सीच्या मीटरवर एक रुपया दिसला तर तेरा-चौदा रुपये द्यायचे, रिक्षाच्या मीटरला साधारण दसपट. रात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट. सामानाचे नगावर वेगळे. आता विचार करा, फ्रँकफर्टहून रात्री दीडला उतरलेल्या, झोपमोड झालेल्या माणसाने वांद्र्याच्या अंधारात मीटर वाचून, तेराने गुणून, सव्वापट करून, दोन बॅगांचे मिळवून भाडं काढायचं. आम्हाला शाळेत पावकी-निमकी शिकवणाऱ्या बाईंनासुद्धा घाम फुटला असता. इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचं झालं तेव्हा २०१२ उजाडलं होतं.

त्यात हायकोर्टाच्या आदेशानंतर जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. हवेसाठी फार चांगलं झालं. पण गॅसची टाकी बसली डिकीत, आणि सामान गेलं टपावरच्या कॅरियरवर. अमेरिकेला तेव्हा माणशी ३२ किलोच्या दोन बॅगा चालत. त्या टपावर चढवायला आपोआप दोन माणसं हजर होत, आणि मग ती आपोआप जात नसत.

यावर उपाय निघाला तो प्रीपेडचा. सोपी, पण फार विचाराने केलेली पद्धत आहे ती, म्हणून जरा सविस्तर सांगते. खिडकीवर कुठे जायचं ते सांगायचं, ठरलेलं भाडं तिथेच भरायचं. पावतीवर टॅक्सीचा नंबर लिहिलेला. पावती आपल्या हातात. ड्रायव्हरला पैसे मिळायचे ते ती पावती परत आणून दिली तरच. म्हणून आपण ती घरी पोचल्यावरच द्यायची, मधे मागितली तरी नाही. माझ्या आजोबांनी हा नियम घरातल्या प्रत्येकाला एवढ्या वेळा सांगितलाय की घरातली तिसरी पिढी तो परवचा म्हटल्यासारखा म्हणते. त्या चिठ्ठीने भाड्याची घासाघीस संपली हे झालंच, पण मोठी गोष्ट वेगळीच होती. पहिल्यांदा कुठेतरी लिहून राहिलं की अमुक प्रवासी अमुक वाजता अमुक नंबरच्या गाडीत बसला. हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९७९ मध्ये सांताक्रूझच्या टर्मिनलला आग लागली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय विमानांसाठी सहारचं नवं टर्मिनल आलं, आणि मराठी मध्यमवर्गाच्या शब्दकोशात 'सहार' हा शब्द दाखल झाला. सांताक्रूझ म्हणजे दिल्ली-कलकत्ता, सहार म्हणजे परदेश. १९९९ मध्ये विमानतळाला शिवछत्रपतींचं नाव दिलं गेलं, तरी घरोघरी 'सहारला सोडायला जातोय' हेच.

सहारचा वेळ म्हणजे रात्र. युरोपातले पुष्कळ विमानतळ रात्री विमानं उतरू देत नाहीत, तिथे सकाळी पोचायचं तर इथून मध्यरात्रीनंतर निघावं लागतं. तिकडून दिवसा निघालेलं विमानही इथे येतं ते रात्रीच. आखाती देशांची विमानं पहाटे. म्हणजे जगाच्या घड्याळात मुंबईच्या वाट्याला आली ती झोपेची वेळ. टॅक्सीचं सव्वापट भाडं आणि विमानं यांची वेळ बरोबर एक. योगायोग! आणि लोकल गाड्या साधारण त्याच सुमारास बंद.

आता पुणं. लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा, परदेशी विमानं तिथून फार थोडी. तेव्हा पुणं, नाशिक, कोल्हापूर, साताऱ्याच्या माणसाचं विमान सहारलाच. शहर लांब असण्याची गोष्ट मुंबईकरांनी आम्हाला सांगू नये. आमचं शहर घाट चढून जायचं होतं. पूर्वी जुन्या रस्त्याने खंडाळ्याच्या घाटातून पाच तास सहज. दादरहून पुण्याला जाणाऱ्या टॅक्सी होत्या, चार माणसं भरली की सुटणाऱ्या. एसटीच्या 'एशियाड' होत्या, १९८२ च्या दिल्लीच्या खेळांचं नाव घेऊन महाराष्ट्रभर धावणाऱ्या. पण सहार ते दादर सामान घेऊन जाणार कसं? म्हणून मग खास गाडी.

ज्यांनी ते पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. १९९० च्या दशकाच्या शेवटी संगणकवाल्यांची अमेरिकावारी सुरू झाली, वायटूकेची ती लाट. एक मुलगा जायचा आणि त्याला सोडायला सुमो. सुमो १९९४ ची. तिच्यात मागच्या दोन आडव्या बाकांवर कोण बसणार यावरून रुसवे. रात्री अडीचचं विमान, म्हणून दुपारी चारला निघायचं, कारण घाटात काही झालं तर. पिठलं-भाकरी, दहीभात, लोणावळ्याला चहा. सहारला पोचल्यावर आत फक्त प्रवाशाला प्रवेश, बाकी सगळे काचेच्या बाहेर. तो आत गेला, काचेतून हात केला, दिसेनासा झाला. तरी विमान 'वर गेल्याशिवाय' कोणी हलायचं नाही. आमच्या एका काकूंनी तर गाडीत बसल्यावर, मागे टाकलेल्या मुंबईच्या दिव्यांकडे बघून, 'तो आता जेवला असेल' म्हटलं होतं, तेव्हा ड्रायव्हरनेच उत्तर दिलं, 'हो काकू, वर गेल्या गेल्या देतात.' तो दर आठवड्याला कोणाला ना कोणाला सोडायला येत असे. त्याला विमानातलं सगळं माहीत होतं, विमानात तो कधी बसला नव्हता.

२००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. साधारण ९५ किलोमीटर. पाच तासांचे तीन झाले आणि पुण्यात एक नवाच धंदा जोरात आला : दारातून उचलून विमानतळाच्या दारात सोडणारी गाडी, तीही सीटवर. फोनवर नाव, पत्ता, विमानाची वेळ सांगायची. कोथरूडचा एक, औंधचे दोन, चिंचवडचा एक असे चार अनोळखी लोक एका इंडिकात किंवा क्वालिसमध्ये (२००५ नंतर इनोव्हात). एकाचं विमान बाराला, दुसऱ्याचं चारला, तरी सगळे एकदमच पोचणार. परतीला उलटं : आपण बाहेर यायचं, पाटी शोधायची, आणि उरलेले तिघं येईपर्यंत खांबाला टेकून उभं राहायचं. पाटीवर 'कुलकर्णी' असेल तर तीन कुलकर्णी पुढे येतात, म्हणून अनुभवी ड्रायव्हर 'कुलकर्णी बावधन' असं लिहितो.

ही जी पद्धत घडली ती कोणत्याही सरकारने आखली नाही. नकाशे नाहीत, ॲप नाही, एका वहीवर सगळं. संध्याकाळी कचेरीत एक बाई किंवा दादा बसलेले, पुढे दोन फोन, वही, आणि विमान उशिरा आहे का ते बघायला एक जुना संगणक. अनोळखी माणसाला पहाटे साडेतीनला अनोळखी गाडीत बसवणारी ही व्यवस्था निव्वळ त्या वहीवर आणि 'आपल्यातलाच कोणीतरी सांगितलाय' या भरवशावर चालायची.

भरवसा मोठा होता, पण १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री पुण्यात जे झालं त्याने तो हलला. एका कॉलसेंटरमध्ये काम करणाऱ्या तरुण मुलीला रात्रपाळीला न्यायला आलेली गाडी कंपनीनेच ठरवलेली होती. ड्रायव्हर रोजच्या कामातलाच. त्याने आणि त्याच्या साथीदाराने तिच्यावर अत्याचार करून तिचा खून केला. तेव्हा पुण्यातल्या ज्या ज्या घरात मुलगी नोकरीला होती, त्या घरात त्या आठवड्यात कोणाला नीट झोप लागली नसेल. 'ओळखीचा ड्रायव्हर' हे आमच्या पिढीचं रामरक्षेसारखं कवच होतं, त्यालाच तडा गेला. त्यानंतर रात्री गाडीत शेवटी उतरणारी बाई असेल तर सुरक्षारक्षक, गाडी निघाल्याची नोंद, पोचल्याचा फोन हे सगळं आलं. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत ॲपवरून बोलावलेल्या गाडीत तसाच गुन्हा घडला, आणि चौकशीत ड्रायव्हरचं पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्रच बनावट निघालं. म्हणजे नोंद होती, पण नोंदच खोटी. सार्वजनिक वाहतुकीच्या नव्या गाड्यांना जागा दाखवणारं यंत्र आणि धोक्याचं बटण २०१९ पासून बंधनकारक झालं ते या सगळ्यानंतर.

एक बाजू मात्र कोणी फारशी बोलत नाही, ती ड्रायव्हरच्या झोपेची. संध्याकाळी सहाला पुण्याहून निघालेला माणूस दहाला सहारला सोडतो, तिथेच गाडीत मान टाकतो, तीनला उतरलेल्यांना घेतो आणि पहाटे घाट चढतो. आपल्याला वाटतं गाडी आपली आहे, पण त्याची ती त्या दिवसातली दुसरी फेरी असते. भक्ती बर्वे २००१ मध्ये याच रस्त्यावर गेल्या, आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे २०१२ मध्ये. त्या अपघातांची कारणं वेगळी असतील, पण तो रस्ता रात्री काय आहे हे मराठी माणसाला त्या नावांनी कळलं. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पण तो लागू व्हायचा तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी. ज्याची एकच गाडी आहे आणि जो ती स्वतःच चालवतो, त्याला कायदा कुठला? हप्ता हाच त्याचा कायदा. पुढे तो १९६१ चा कायदाही नव्या कामगार संहितेत विरघळला.

म्हणून मी गाडी सांगताना दराआधी एक प्रश्न विचारते : 'आज सकाळी कुठे होता?' काही जण चिडतात. चिडले तर चिडू देत.

पुढचा भाग तुम्हा सगळ्यांच्या समोरच घडला, तेव्हा पटकन सांगते. निळ्या वातानुकूलित कूल कॅब आल्या. २००७ मध्ये फोनवर बोलावता येणाऱ्या, यंत्रावर जागा दिसणाऱ्या ताफ्याच्या टॅक्सी. आयआयटी मुंबईच्या दोन मुलांनी २०१० च्या शेवटी ओला काढली, २०१४ मध्ये उबर मुंबईत आली, आणि त्याच फेब्रुवारीत सहारचं नवं टर्मिनल व तिथवर थेट नेणारा उन्नत मार्ग सुरू झाला. वहीतलं सगळं मोबाइलच्या पडद्यावर गेलं : ड्रायव्हरचा फोटो, गाडीचा नंबर, नकाशावर सरकणारं ठिपक्याएवढं वाहन. माझ्या मते प्रीपेडच्या चिठ्ठीचंच हे थोरलं भावंड. फक्त चिठ्ठी आपल्या हातात होती, आणि भाडं रात्री दीडला पाऊस पडला म्हणून वाढत नव्हतं.

गेल्या डिसेंबरात आमची आत्या एकटी सॅन होजेहून आली. वय ७४, गुडघे दुखतात, मोबाइलची बॅटरी नेहमी संपलेली. आमच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर तह चालला होता. भाच्याचं म्हणणं, ॲपवरून गाडी, सगळ्यांना नकाशा दिसेल. काकांचं म्हणणं, जिथे माणूस दिसत नाही तो नकाशा काय चाटायचाय, आपला नेहमीचा ड्रायव्हर पाठवा. चुलत बहीण म्हणाली, सीटवरची गाडी, म्हणजे सोबत आणखी माणसं असतील. तिघांचंही खरं होतं, हीच पंचाईत. ॲप चालायला आत्याच्या फोनला चार्जिंग आणि नेटवर्क हवं. नेहमीचा ड्रायव्हर आता स्वतः साठीचा झालाय. आणि सीटवरच्या गाडीत पहाटे दीड तास खांबाला टेकून उभं राहणं तिच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. शेवटी नेहमीच्याच ड्रायव्हरचा मुलगा गेला, त्याला दुपारभर झोपवून. त्याने मोबाइलवरून नकाशा सगळ्यांना पाठवला, आणि पाटीवर मोठ्या अक्षरात 'आत्या' एवढंच लिहिलं. म्हणाला, आडनावाच्या चार असतील, आत्या एकच असेल. प्रत्यक्षात दोन आल्या. दुसऱ्या नाशिकच्या होत्या :)

पद्मिनी आता गेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षं, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी तीही रस्त्यावरून उतरली. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. तिची दोन्ही टर्मिनलांपाशी स्टेशनं आहेत, म्हणजे मुलकी विमानं सांताक्रूझला गेल्यापासून जवळजवळ ऐंशी वर्षांनी विमानतळावरून थेट फोर्टात गाडीशिवाय जाता येऊ लागलं. आवाबाईंच्या खाडीखालून. मात्र रात्री दीडला उतरणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, मेट्रोही झोपलेली असते.

आणि २५ डिसेंबर २०२५ पासून उलव्याजवळच्या नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली, सुरुवातीला देशांतर्गत. पुण्याहून तो पुष्कळच जवळ, वाशी-चेंबूरची गर्दी नाही. पुण्याच्या गाडीवाल्यांना आनंद व्हावा, तर त्यांची वेगळीच तक्रार. तिकिटावर जुन्या विमानतळाची खूण अजून 'बॉम्बे'तलीच, बीओएम, नव्याची एनएमआय. लोक मात्र फोनवर दोन्हींना 'मुंबई'च म्हणतात. परवा गाडीवाल्याला फोन केला तर पहिल्यासारखं 'विमान किती वाजता?' असं काही त्याने विचारलंच नाही. म्हणाला, 'ताई, आधी तिकिटाचा फोटो पाठवा. मागच्या आठवड्यात एक साहेब उलव्याला उतरले आणि मी सहारला पाटी धरून उभा.'